गळते म्हणून फुटत नाही

मालवाहू विमानाच्या पोटात जाड पट्ट्यांनी जखडलेले, चार-साडेचार टनांचे एक धातूचे नळकांडे. बाहेरून हात लावला तर आसपासच्या हवेइतकेच कोमट. आत मात्र दीड हजार लिटरच्या आसपास द्रवरूप हेलियम, आणि त्यात बुडालेली निओबियम-टायटॅनियमच्या तारेची वेटोळी, उणे २६९ अंश सेल्सिअसला. हा एमआरआय यंत्राचा चुंबक. रुग्णालयात बसला की त्याला गार ठेवायला कॉम्प्रेसर आणि ‘कोल्ड हेड’ मिळेल, पण प्रवासात बहुधा त्यातले काहीच चालू नसते. वीज नाही, शीतयंत्र नाही, जवळ माणूसही नाही. दिवसच्या दिवस तो गार राहतो तो स्वतःतले हेलियम थोडे थोडे गमावून. ते किती आणि कोणत्या दाबाला गमवायचे, हे ठरवते मुठीत मावेल एवढी एक झडप.

अभियांत्रिकीतल्या अत्यंत देखण्या वस्तूंमध्ये मी या झडपेची गणना करतो. तिला चाक नाही, मोटर नाही, बहुतेक वेळा तारसुद्धा नाही. एक आसन, त्यावर बसलेली एक चकती आणि चकतीला दाबून धरणारी एक स्प्रिंग. तरीही समुद्रसपाटीपासून आकाशापर्यंत आणि परत जमिनीपर्यंत ती कोणाला न विचारता बिनचूक निर्णय घेत राहते.

आधी हेलियमचा स्वभाव पाहू. एक लिटर पाणी उकळबिंदूला आल्यावर त्याची संपूर्ण वाफ करायला सुमारे २,२५० किलोज्यूल उष्णता लागते. एक लिटर द्रव हेलियमला पुरतात जेमतेम २.६ किलोज्यूल. साडेआठशे पटींहून जास्त फरक! एक वॅट उष्णता, म्हणजे लहानशा एलईडी दिव्याला लागते तेवढी ऊर्जा, तासाभरात जवळजवळ १.४ लिटर हेलियम उडवून लावते. म्हणून चुंबकाभोवती निर्वात पोकळी असते, चकचकीत ॲल्युमिनियम चढवलेल्या प्लास्टिकच्या पातळ थरांची गुंडाळी असते, मध्ये धातूची उष्णतारोधक ढाल असते आणि सगळा भार पेलायला उष्णता कमीत कमी वाहून नेणारे बारीक आधार असतात. एवढे करूनही थोडी उष्णता आत शिरतेच. ती शिरणारच, हे गृहीत धरून पुढचा सगळा विचार केलेला असतो.

या द्रवाला माणसाने पहिल्यांदा पाहिले १० जुलै १९०८ रोजी, नेदरलँड्समधल्या लायडन इथे, हाइक कामरलिंग ओनस यांच्या प्रयोगशाळेत. त्याच द्रवाच्या थंडीत १९११ साली पाऱ्याचा विद्युतरोध नाहीसा झालेला त्यांना आढळला आणि अतिवाहकतेचा शोध लागला. हेलियमचा विषय निघाला की त्याचा शोध तिथेच लागला अशा समजुतीने मराठी माणसाला विजयदुर्ग आठवतो, म्हणून इथे एक खुलासा करतो. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण पाहायला जान्सेन हे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ गुंटूरला आले होते. सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा सोडियमची नव्हे, हे ओळखणारे नॉर्मन लॉकयर त्या वेळी इंग्लंडमध्ये होते आणि ऑक्टोबरमध्ये त्यांनी ग्रहणाविनाच ती पाहिली. विजयदुर्गावर लॉकयर आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. हेलियमच्या इतिहासात किल्ल्याचे स्थान खरे आहे, मात्र ते तीस वर्षांनंतरचे.

आता प्रश्न असा की आत उकळणाऱ्या या हेलियमचे तोंड सरळ बंदच का करू नये? एक थेंबही वाया जाणार नाही. पण एक लिटर द्रव हेलियम खोलीच्या तापमानाला आले की त्याचा सुमारे साडेसातशे लिटर वायू होतो. दीड हजार लिटरांचे होतात अकरा लाख लिटर. तो वायू फुगू दिला नाही, द्रवाच्या मूळ जागेतच कोंडून ठेवला, तर दाब वातावरणाच्या सातशे पटींवर जातो. एवढा दाब सोसणारी पातळ भिंतीची टाकी कोणी बनवू शकत नाही. दोन बंद झडपांच्या मधल्या वीतभर नळीत द्रव अडकला तरी तीच गत होते. म्हणून अतिशीत द्रवांवर काम करणारे लोक एक नियम डोळ्यांत तेल घालून पाळतात: द्रव अडकू शकेल अशा प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र रिलीफ व्हॉल्व्ह.

मग तोंड उघडेच ठेवावे का? तर तेही नाही, आणि याचे कारण मला अधिक विलक्षण वाटते. नायट्रोजन उणे २१० अंशांना गोठतो, ऑक्सिजन उणे २१९ अंशांच्या आसपास. हेलियमच्या टाकीत शिरलेली हवा आपल्याला ठाऊक असलेली हवा उरतच नाही. तिचा बर्फ होतो. टाकीच्या अरुंद मानेत हा हवेचा बर्फ थरावर थर साचतो आणि एक दिवस मान गच्च बुजवतो. खाली हेलियम उकळतच असते आणि वाट बंद. उघडे ठेवलेले तोंड असे स्वतःहून बंद होते, तेही बाहेरून काही दिसू न देता. चुंबकाची वाहतूक करणाऱ्यांना ज्या मोजक्या गोष्टींची खरी धास्ती असते, त्यांत ही मानेतली गाठ फार वर येते.

म्हणजे झडपेवर दोन कामे येऊन पडतात. आतले बाहेर सोडायचे, आणि बाहेरचे कधीही आत येऊ द्यायचे नाही. वाहतुकीच्या झडपेचा सगळा कस या दुसऱ्या कामात लागतो. दाब उतरल्यावर ती पुन्हा घट्ट बसली पाहिजे. आसनावर दवाचा एक कण गोठला, धुळीचा एक कण अडकला, तरी बारीक फट राहते. शिवाय थंडीने रबर काचेसारखे कडक आणि ठिसूळ होते. म्हणून ही झडप कधी थेट थंड द्रवापाशी बसवत नाहीत. टाकीच्या लांब मानेच्या वरच्या, कोमट टोकाला ती असते. वाफ तिथवर येईतो बरीच तापलेली असते.

वाफ वाटेत तापते यातच एक मोठी गंमत आहे. हेलियमला द्रवाचा वायू होताना दर किलोला साधारण २१ किलोज्यूल उष्णता लागते. तोच वायू उणे २६९ वरून खोलीच्या तापमानापर्यंत यायला जवळजवळ १,५४० किलोज्यूल शोषतो, म्हणजे सत्तर पटींहून जास्त. बाहेरून आत येऊ पाहणारी उष्णता मानेतून वर जाणारी ही वाफ रस्त्यातच टिपून घेते आणि सोबत बाहेर घेऊन जाते. गमावलेला वायू जाता जाता उरलेल्या द्रवाची राखण करून जातो. पहिल्यांदा हे वाचले तेव्हा ‘गळती’ हा शब्द मला या प्रकाराला फारच अन्यायकारक वाटला.

झडपेची ही कल्पना जुनी आहे. दनी पापँ यांनी १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाफेच्या दाबावर हाडे शिजवणारे भांडे मांडले, आणि ते फुटू नये म्हणून त्याला तरफेवर वजन टांगलेली झडप बसवली. आपल्या घरातला प्रेशर कुकर त्याच भांड्याचा वंशज. शिटीचे वजन दाब जास्त झाला की उचलले जाते, कमी झाला की परत बसते. आणि शिटीच चोंदली तर झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह एकदाच उडतो आणि स्वयंपाक बिघडवून स्वयंपाकघर वाचवतो. चुंबकावरही हीच दुहेरी व्यवस्था असते. रोजच्या उकळीसाठी स्प्रिंगची झडप, आणि महासंकटासाठी ‘बर्स्ट डिस्क’. ही एक पातळ चकती, ठरलेल्या दाबाला फाटण्यासाठीच बनवलेली.

इथपर्यंत कुकर साथ देतो. विमानात मात्र गोष्ट बदलते, आणि माझ्या मते या विषयाचे खरे सौंदर्य तिथे सुरू होते.

साधी झडप आतल्या दाबाची तुलना बाहेरच्या हवेशी करते. समजा ती अशी बसवली आहे की आतला दाब बाहेरच्यापेक्षा वातावरणाच्या विसाव्या हिश्शाने वाढला की उघडायचे. जमिनीवर सगळे ठीक चालते. विमान वर चढते. प्रवाशांच्या आणि मालाच्या कक्षात हवा दाबून ठेवलेली असली तरी ती समुद्रसपाटीइतकी नसते. साधारण २,४०० मीटर उंचीवर असेल तशी, म्हणजे पाऊण वातावरणाइतकी ती उतरते. बाहेरचा दाब उतरला, तर झडपेच्या लेखी आतला दाब वाढला! ती उघडते आणि आतला दाब खाली येऊ देते. दाब उतरला की हेलियमचा उकळबिंदूही उतरतो, ४.२ केल्विनवरून ३.९ च्या दिशेने. आतला सगळा द्रव एकाएकी स्वतःच्या उकळबिंदूहून ‘गरम’ ठरतो आणि स्वतःला गार करण्यासाठी खळखळून उकळतो. ढोबळ हिशेब केला तर दीड हजार लिटरांतले शंभरच्या घरात लिटर एका चढणीत जातात. बाहेरून कसलीही उष्णता आली नाही, कोणी धक्का दिला नाही. नुसते उंच गेल्याने एवढे घडले.

नुकसान एवढ्यावर संपले असते तर सोसता आले असते. विमान खाली उतरू लागते तेव्हा खरा धोका समोर येतो. बाहेरचा दाब परत एक वातावरण होतो. आतला द्रव मात्र आता जास्त थंड आहे आणि त्याचा दाब पाऊण वातावरणापेक्षा थोडासाच वर. तो परत चढायला द्रव तापला पाहिजे, आणि तापणार कसा? इन्सुलेशन इतके उत्तम की उष्णता शिरते वॅट-दोन वॅटच्या हिशेबाने. सगळा द्रव पूर्वीच्या तापमानाला यायला एका वॅटच्या दराने तीन दिवस लागतील. प्रत्यक्षात पृष्ठभागाचा थर आधी तापतो आणि दाब त्याहून लवकर सावरतो, तरी मधले तासन्‌तास टाकी बाहेरची हवा आत ओढायला टपलेली असते. प्रत्येक जोड, प्रत्येक वायसर, झडपेच्या आसनावरची प्रत्येक सूक्ष्म फट, सगळीकडून. आणि आत गेलेल्या हवेचे काय होते ते आपण पाहिलेच. ज्या उष्णतारोधनाचा आपण अभिमान बाळगला, तेच इथे संकट लांबवते.

यावरचा उपाय म्हणजे निरपेक्ष दाबाची झडप. तिने बाहेरच्या हवेकडे बघणेच सोडून दिले आहे. तिच्या आत पातळ धातूचा, वळ्यावळ्यांचा, भात्यासारखा एक छोटा डबा असतो. त्यातली हवा काढून तो कायमचा बंद केलेला असतो. आतल्या हेलियमच्या दाबाची तुलना ती या डब्यातल्या पोकळीशी करते. पोकळी उंचीनुसार बदलत नाही. मुंबईत, ढगांवर, लडाखमध्ये, शून्य ते शून्यच. झडप समुद्रसपाटीच्या दाबाच्या थोडी वर, समजा १.१ वातावरणाला बसवली की विमान कितीही चढो-उतरो, आतला दाब तिथेच राहतो. चढताना द्रव खवळत नाही. उतरताना आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होत नाही, म्हणून हवा आत ओढली जात नाही. आणि वैमानिकासमोरच्या पारंपरिक उंचीमापकात काय असते? हीच हवा काढलेली डबी. तिथे ती बाहेरचा दाब बदलला की फुगून किंवा आक्रसून उंची सांगते, इथे तीच वस्तू उंचीचा परिणाम पुसून टाकते.

अर्थात याची किंमत मोजावी लागते. वर असताना आत १.१ आणि बाहेर ०.७५, म्हणजे टाकीच्या भिंतीवर आणि त्या पातळ बर्स्ट डिस्कवर जमिनीपेक्षा खूप जास्त ताण. डिस्क या ताणाला फाटता कामा नये, पण खऱ्या संकटात फाटायला उशीरही करता कामा नये. या दोन आकड्यांमधली जागा अरुंद असते आणि तिथेच आराखडा करणाऱ्याचे कौशल्य कळते.

हा प्रश्न विमानापुरताच आहे असे समजू नका. न्हावा शेवा बंदरात उतरलेला चुंबक ट्रकवर चढून पुण्याला निघतो तेव्हा बोरघाट चढून साडेपाचशे मीटरवर येतो. तेवढ्याने हवेचा दाब सहा-सात टक्क्यांनी घटतो. साध्या झडपेला इतका फरक पुरेसा असतो. परतीच्या उताराला, समजा कोकणातल्या रुग्णालयाकडे जाताना, उलटा खेळ सुरू होतो. घाट उतरणाऱ्या गाडीत टाकी आत हवा ओढू पाहते, हे गाडीच्या चालकाला कोण सांगणार?

आता महासंकटाकडे वळू. प्रवासात चुंबकातून विद्युतप्रवाह वाहत नसतो, त्यामुळे रुग्णालयातल्यासारखा ‘क्वेंच’, म्हणजे अतिवाहकता जाऊन साठलेली सगळी चुंबकीय ऊर्जा क्षणात उष्णतेत बदलण्याचा प्रकार, इथे संभवत नाही. धोका असतो अपघाताचा. गाडी उलटली, बाहेरचे कवच चिरले आणि निर्वात पोकळीत हवा घुसली तर? ती हेलियमच्या टाकीच्या थंड भिंतीवर आदळून तिथेच गोठते, आणि गोठताना स्वतःची सगळी उष्णता त्या भिंतीला देऊन टाकते. जर्मनीतल्या लेमान आणि झान या दोघांनी १९७८ मध्ये नेमके हे मोजले, तेही हेलियम वाहून नेणाऱ्या टाक्यांच्या सुरक्षिततेच्या संदर्भात. उघड्या भिंतीवर दर चौरस मीटरला सुमारे ३८ किलोवॅट. दहा थरांची गुंडाळी असेल तर सुमारे ६ किलोवॅट. आजही जगभरच्या अभियंत्यांच्या गणितात हे आकडे येतात. दहा चौरस मीटरची टाकी धरा: साठ किलोवॅट, म्हणजे सेकंदाला जवळजवळ तीन किलो हेलियमची वाफ, सेकंदाला वीस लिटरहून जास्त द्रव. एरवी आठवडे पुरणारा साठा एका मिनिटाच्या आसपास संपतो! मुठीएवढ्या झडपेतून एवढा वायू जाणे शक्य नाही. म्हणून तो मोठा, फाटणारा पडदा. त्याच्या भोकाचा व्यास किती, हाच कळीचा प्रश्न.

भोक लहान पडले तर काय होते, हे जगाने जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये पाहिले. ते चुंबक प्रवासात नव्हते, जमिनीखालच्या बोगद्यात बसवलेले होते, पण नियम तोच. १९ सप्टेंबर २००८ रोजी, लार्ज हॅड्रॉन कोलायडर सुरू होऊन नऊच दिवस झाले असताना, दोन चुंबकांमधला एक विद्युतजोड वितळला. ठिणगीने हेलियमच्या आवरणाला भोक पाडले आणि हेलियम निर्वात पोकळीत धावले. पोकळीवर सुटकेच्या झडपा होत्या, पण त्या सेकंदाला २ किलो हेलियमसाठी आखलेल्या. आले ते सुमारे वीस किलो. कोंडलेल्या दाबाने कित्येक टनांचे चुंबक जागचे हलवले, आधार उखडले. सहा टन हेलियम बोगद्यात गेले. दुरुस्तीसाठी ५३ चुंबक वर काढावे लागले आणि यंत्र पुन्हा सुरू व्हायला वर्षाहून अधिक काळ, नोव्हेंबर २००९ उजाडला. दुर्घटनेनंतर तिथे चुंबकांवर २०० मिलिमीटर व्यासाची नवी सुटकेची दारे बसवण्यात आली. दहा पटींची चूक भरून काढणारा उपाय शेवटी एवढाच होता: मोठे भोक.

रुग्णालयांसाठी आता थेंबभर हेलियमवर चालणारे चुंबकही निघाले आहेत. २०१८ मध्ये फिलिप्सने सात लिटरचा कायमचा बंद चुंबक आणला आणि नंतर सीमेन्सने एक लिटरहून कमी हेलियमचा. त्यांची वाहतूक खूपच सोपी, आणि हेलियम दुर्मीळ होत चाललेल्या जगात ते योग्यही आहेत. पण हजार-दीड हजार लिटरचे चुंबक जगभर हजारोंनी बसवलेले आहेत आणि अजूनही रस्त्यांवरून, समुद्रावरून, आकाशातून फिरत राहणार आहेत. त्यांच्या पेट्यांवर धक्का बसल्याची आणि कलंडल्याची नोंद करणाऱ्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात. पोचल्यावर अभियंता आधी त्या तपासतो आणि हेलियमची पातळी मोजतो.

म्हणून वाचकांना एक विनंती. अतिशीत हेलियमचा संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक १९६३ आहे. हा आकडा आणि हिरवी चौकट असलेली गाडी टोलनाक्यावर किंवा ढाब्यापाशी उभी दिसली, वरच्या नळीवर दहिवर जमलेले आणि बारीक फुसफुस ऐकू येत असेल, तर ती बिघाड समजून बंद करायला जाऊ नका. नळीचे तोंड बांधू नका, त्यावर ओले फडके टाकू नका. गाडी मोकळ्या हवेत उभी राहू द्या, बंद गोदामात नाही, कारण साचलेले हेलियम श्वासातला ऑक्सिजन बाजूला सारते आणि त्याला वासही नसतो. फुसफुस एकाएकी मोठी झाली आणि पांढरे धुके लोटू लागले, तर लोकांना लांब न्या आणि गाडीवर लिहिलेल्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा.